प्रार्थना कुणाची, परवानगी कुणाची?

शाळाप्रवेशाचे दिवस आले की लहानसहान गावांतही एक शब्द घरोघरी ऐकू येतो, 'कॉन्व्हेंट'. "आमच्या छकुलीला कॉन्व्हेंटला घातलंय" असं सांगताना आईच्या आवाजात जरा अभिमान असतोच. विदर्भात तर कुठल्याही खासगी इंग्रजी शाळेला कॉन्व्हेंट म्हणायची पद्धत आहे. देवादिकांच्या नावापुढं 'कॉन्व्हेंट' लावलेल्या पाट्या तिथं चौकाचौकात दिसतात. पण या शब्दाचा मूळ अर्थ शाळा असा नाहीच मुळी. कॉन्व्हेंट म्हणजे ख्रिस्ती साध्वींचा मठ, सिस्टर जिथं राहतात ते घर. त्या घराला लागून त्यांनी शाळा काढली, म्हणून ती कॉन्व्हेंट स्कूल. म्हणजे इंग्रजीसाठी ज्या दारापुढं आपण रांगा लावतो, ते दार व्रतस्थ बायकांच्या एका धर्मघराचं आहे. आपण हे विसरून गेलो होतो आणि कितीतरी वर्षं त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही.

अलीकडं मात्र बातम्या वेगळ्या येतात. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या शाजापूर जिल्ह्याच्या शिक्षण खात्यानं आदेश काढला की, नाताळच्या कार्यक्रमात मुलांना सांताक्लॉज वगैरे बनवायचं असेल तर आधी पालकांची लेखी परवानगी घ्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये आसाममध्ये एका संघटनेनं ख्रिस्ती शाळांना मुदत दिली. आवारातले येशू-मरियेचे पुतळे आणि चित्रं काढा, फादर-सिस्टरनी धार्मिक पोशाखात शाळेत येऊ नये, अशी तिची मागणी होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तेलंगणातल्या मंचेरियाल जिल्ह्यात हनुमान दीक्षेच्या भगव्या कपड्यात आलेल्या मुलांवरून वाद झाला आणि जमावानं एका मिशनरी शाळेची मोडतोड केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये केरळात कोचीजवळच्या कॅथलिक शाळेत आठवीतल्या मुलीच्या हिजाबवरून रण माजलं.

या प्रत्येक बातमीत शाळा असते, संघटना असते, अधिकारी असतात, पुढारी असतात. मुलाची आई मात्र क्वचितच दिसते. आणि गंमत म्हणजे राज्यघटनेनं या सगळ्या प्रकरणात निर्णयाचा अधिकार दिलाय तो मुलाच्या पालकालाच. आज त्याबद्दलच बोलायचंय.

शाळेच्या आत काय चालतं?

आधी कॅथलिक शाळेतलं धर्मजीवन नेमकं असतं कसं, ते बघू. कारण त्याविषयी बाहेर गैरसमज फार आहेत.

दिवसाची सुरुवात सकाळच्या प्रार्थनेनं होते. व्हरांड्यात मरियेचा पुतळा असतो, वर्गात फळ्याच्या वर क्रूस असतो. आवारात किंवा सिस्टरांच्या घरात चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनामंदिर असतं. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, ठेवण्याची अनेक शाळांत प्रथा आहे. ऑक्टोबर महिना रोझरीचा, म्हणजे जपमाळेचा. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास राखेचा बुधवार येतो. त्या दिवशी कॅथलिक मुलांच्या कपाळावर राखेचा क्रूस उमटतो आणि ईस्टरपर्यंतचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. या दिवसांत बऱ्याच शाळांत वर्गावर्गात डबा फिरतो. वडापाव-चॉकलेटचे पैसे वाचवून त्यात टाकायचे, ते गरिबांना जातात. डिसेंबरात गव्हाणीचा देखावा होतो आणि त्याचं कौतुक ख्रिस्ती नसलेल्या मुलांनाच जास्त असतं!

धर्मशिक्षणाचा तासही असतो. पण बहुतेक ठिकाणी त्या तासाला वर्ग दोन भागांत वाटला जातो. कॅथलिक मुलं कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्माच्या शिकवणीला बसतात. बाकीच्या मुलांना 'मॉरल सायन्स' किंवा मूल्यशिक्षण असतं. खरं बोलावं, आईवडिलांना मान द्यावा, दुसऱ्याचं चोरू नये, असले धडे. मोठ्या वर्गांसाठी 'रिट्रीट' असते. एक-दोन दिवस अभ्यास बाजूला ठेवून शांत बसायचं, स्वतःकडं बघायचं, कुणाशी वैर असेल तर मिटवायचं. शिवाय वृद्धाश्रमात, अनाथालयात मुलांना घेऊन जाणं हेही आलंच.

अमेरिकेतल्या कॅथलिक हायस्कूलमध्ये या सगळ्या कामासाठी 'कॅम्पस मिनिस्ट्री' नावाचा वेगळा विभागच असतो. प्रार्थना, रिट्रीट, सेवाकार्य आणि मुलांची मनं सांभाळणं, सगळं त्याच्याकडं. आपल्याकडं एवढा थाट बहुतेक ठिकाणी नसतो. इथं हे काम करते एखादी सिस्टर, तेही गणिताचे तास सांभाळून. आणि त्या कामाचा एक भाग असा की, ज्यावर कधी बातमी होत नाही. पाळी सुरू झाली म्हणून घाबरलेली मुलगी, घरी वडील दारू पिऊन मारतात म्हणून गप्प झालेली मुलगी, रस्त्यात छेड काढणाऱ्याबद्दल घरी सांगितलं तर शाळाच बंद होईल म्हणून धास्तावलेली मुलगी… या मुली कुणापुढं तरी मन मोकळं करतात. अनेकदा ती सिस्टर असते. त्यात ख्रिस्ती मुलगी कोण आणि हिंदू, मुसलमान, बौद्ध कोण, हे बघितलं जात नाही.

चारात तीन

पण अमेरिकेत आणि आपल्याकडं एक मोठा फरक आहे. तिथल्या कॅथलिक शाळांत कॅथलिक नसलेली मुलं साधारण पाचात एक. आपल्याकडं गणित उलटं आहे. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानं २०२१ साली अल्पसंख्याकांच्या शाळांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात ख्रिस्ती समाजाच्या शाळांमधली ७४ टक्के मुलं ख्रिस्ती नसल्याचं दिसलं. चारात तीन!

हा आकडा मनात ठेवला की बऱ्याच गोष्टी उलगडतात. जी प्रार्थना शाळा सुरू झाली तेव्हा आपल्याच लेकरांसाठी होती, ती आज चारातल्या तीन परक्या लेकरांच्याही तोंडी आहे. शाळेला वाटतं, "आमची परंपरा आहे, गेली शंभर वर्षं चालत आलीय." पालकांना वाटतं, "आम्ही फी इंग्रजीची भरतो, प्रार्थनेची नाही." दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी समजण्यासारखं आहे. घोळ एवढाच की, दोघं एकमेकांशी हे कधी बोललेलेच नसतात.

आणि उरलेल्या त्या एका मुलाचं काय? ते कॅथलिक आहे. शाळा मुळात त्याच्यासाठी काढलेली आहे. बाहेरच्या भीतीनं शाळेनं क्रूस उतरवला, मिस्सा बंद केली, तर सगळ्यात जास्त हिरावलं जातं ते त्याचं. वसईच्या किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कॅथलिक घरात जाऊन बघा. घरात मराठी, देवघरात येशू-मरिया, सणाला आपल्यासारखीच लगबग. ही माणसं काल-परवा बाहेरून आलेली नाहीत. फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी 'ख्रिस्तपुराण' गोव्यात छापलं गेलं ते १६१६ साली. आणि आपल्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' लिहिलं, त्याला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या (आता धाराशिव) मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ साली ते गेले, तेव्हा महाराष्ट्रानं आपला लेखक गेला म्हणून हळहळ व्यक्त केली. या समाजाच्या मुलांनाही आपल्या श्रद्धेत वाढायचा हक्क आहे, तितकाच आपल्या मुलांना आपल्या.

कायदा कुणाच्या हातात देतो?

आता घटना काय म्हणते ते बघू. मैत्रिणींनो, कलमांचे आकडे आले म्हणून पान उलटू नका. दोनच कलमं आहेत आणि दोन्ही आपल्या कामाची आहेत.

कलम ३० म्हणतं की, धार्मिक किंवा भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे. म्हणजे कॅथलिक शाळेनं कॅथलिक असणं हा काही गुन्हा नाही. तिथं क्रूस असणं, चॅपल असणं, सिस्टरनी त्यांच्या वेषात वावरणं हे त्या हक्कातच येतं. "पुतळे काढा" असं दरडावणाऱ्यांना तो अधिकार कुणी दिला?

पण कलम २८ चा तिसरा भाग दुसरी बाजू सांगतो. सरकारमान्य किंवा अनुदान घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेत कुणालाही धर्मशिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला भाग पाडता येणार नाही, त्याची स्वतःची संमती असल्याशिवाय. आणि ते मूल अज्ञान असेल, म्हणजे अठराच्या आतलं असेल, तर त्याच्या पालकाची संमती हवी. अल्पसंख्याकांच्या मान्यताप्राप्त शाळाही याला अपवाद नाहीत.

म्हणजे बघा, घटनाकारांनी कुलूप आणि किल्ली दोन्ही केल्या. शाळा आपला धर्म पाळू शकते, पण दुसऱ्याच्या मुलाला त्यात ओढायचं तर किल्ली पालकाच्या हातात. ज्या घटनासमितीनं हे लिहिलं तिच्यात फादर जेरोम डिसूझा नावाचे एक जेसुइट धर्मगुरूही होते. मद्रासच्या लोयोला कॉलेजचे ते रेक्टर. राजकुमारी अमृत कौर होत्या, त्याही ख्रिस्ती. तेव्हा हे कलम कुणी ख्रिस्ती शाळांचा गळा दाबायला आणलं असंही म्हणायची सोय नाही.

खुद्द कॅथलिक चर्चचा नियमही काही वेगळा नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ साली धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला. चर्चचा १९८३ चा कायदा स्पष्ट सांगतो की, कुणालाही त्याच्या विवेकबुद्धीविरुद्ध कॅथलिक श्रद्धा स्वीकारायला भाग पाडू नये.

आणखी एक निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे, १९८६ चा. केरळात यहोवाज विटनेसेस या पंथाची तीन भावंडं राष्ट्रगीताला आदरानं उभी राहायची, पण म्हणायची नाहीत, कारण त्यांच्या श्रद्धेत ते बसत नव्हतं. त्यांना शाळेतून काढलं. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, मुलं नीट उभी राहतात, त्यात अनादर कुठला? त्यांना परत घ्या. राष्ट्रगीताला जर शांत उभं राहणं पुरतं, तर सकाळच्या प्रार्थनेला शांत उभ्या राहिलेल्या मुलाला कुणी रागवावं, असं काही उरत नाही.

राहिला धर्मांतराचा मुद्दा, कारण कुजबुज त्याचीच जास्त. देशात ख्रिस्ती लोकसंख्या १९५१ च्या जनगणनेत २.३ टक्के होती आणि २०११ च्या जनगणनेतही २.३ टक्केच. मधल्या साठ वर्षांत कॉन्व्हेंटमधून किती पिढ्या शिकून बाहेर पडल्या! शाळा म्हणजे धर्मांतराचा कारखाना असता तर हा आकडा जागचा हलला नसता का? पण म्हणून "मग कशाला कटकट, म्हणू दे ना प्रार्थना" असंही मी म्हणणार नाही. मूल धर्म बदलत नाही हे खरं, तरी त्याला न विचारता, त्याच्या आईला न विचारता उपासनेला बसवणं हे कायद्यात बसत नाही, ते नाहीच.

बिशपांची सूचनापत्रिका

ही गोष्ट चर्चच्याही लक्षात आलेली दिसते. एप्रिल २०२४ मध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेनं देशभरातल्या आपल्या शाळांना मार्गदर्शक सूचना पाठवल्या. या परिषदेच्या छत्राखाली सुमारे १४ हजार शाळा आहेत, म्हणजे आवाका लहान नाही. सूचना काय होत्या? इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका. सकाळी मुलांकडून राज्यघटनेची उद्देशिका म्हणून घ्या आणि ती प्रवेशद्वाराशी लावा. सगळ्या धर्मांचे सण साजरे करा. स्वातंत्र्यसैनिक, शास्त्रज्ञ, कवी यांच्या तसबिरी लावा. जमल्यास आवारात सर्वधर्म प्रार्थनालय करा. शिवाय कुंपण, कॅमेरे, येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद, अशा सुरक्षेच्या सूचनाही होत्या.

हे पत्रक वाचताना दोन भावना एकदम येतात. एकीकडं बरं वाटतं, की 'लादू नका' हे शब्द त्यांनी स्वतःच लिहिले. दुसरीकडं त्या कॅमेऱ्यांच्या आणि कुंपणाच्या ओळी वाचून वाईट वाटतं. जे शहाणपण शांतपणे, पालकांशी बोलून यायला हवं होतं, ते गेटवरच्या गर्दीच्या धास्तीनं यावं का? भीतीनं काढलेला नियम भीती सरली की विसरला जातो. पालकांशी बसून ठरवलेला नियम टिकतो, कारण तो दोघांनी केलेला असतो.

या पत्रकात आणखी एक गोष्ट ठळकपणे यायला हवी होती असं वाटतं. बालहक्क आयोगाच्या त्याच अहवालात अल्पसंख्याक शाळांमधली सामाजिक-आर्थिकदृष्ट्या मागास घरांतली मुलं जेमतेम पावणेनऊ टक्के दिसली. हा आकडा सगळ्या अल्पसंख्याक शाळांचा मिळून आहे, नुसत्या कॅथलिक शाळांचा नव्हे. तरी गरिबांची सेवा हा ज्यांच्या श्रद्धेचा गाभा, त्यांना हा आकडा टोचलाच पाहिजे. खेड्यांत कमी फीच्या, मराठी माध्यमाच्या मिशन शाळा आहेत, तिथल्या सिस्टर हालअपेष्टा सोसून शिकवतात, हे खरंय. पण शहरातल्या नावाजलेल्या कॉन्व्हेंटची फी ऐकली की गरीब कॅथलिक आईसुद्धा दारातूनच परत फिरते. उपवासकाळात फिरणारा डबा चांगलाच, पण ज्याच्यासाठी डबा फिरतो ते पोर त्याच वर्गात बसलेलं असावं, हे जास्त चांगलं.

कोचीतली ती मुलगी

आता ऑक्टोबर २०२५ च्या कोचीच्या प्रकरणाकडं येऊ. पल्लुरुथी भागातली कॅथलिक शाळा. आठवीतली मुसलमान मुलगी हिजाब घालून आली. शाळा म्हणाली, गणवेशात हिजाब बसत नाही, प्रवेश घेताना तुम्हाला माहीत होतं. घरचे म्हणाले, हा आमच्या श्रद्धेचा भाग आहे. वाद पेटला, शाळा दोन दिवस बंद ठेवावी लागली, शिक्षण खातं उतरलं, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, राजकीय पक्ष तर आलेच. शेवट काय झाला? मुलीच्या वडिलांनी तिला दुसऱ्या शाळेत घालायचं ठरवलं.

या प्रकरणात कायदा अजून पुरता स्पष्ट नाही, हे मान्य करायला हवं. कर्नाटकच्या हिजाबवर ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी एकमेकांविरुद्ध निकाल दिले. खासगी शाळेला आपला गणवेश ठरवायचा अधिकार आहे, असं केरळ उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये म्हटलेलं आहे. पण कायदा बाजूला ठेवून जरा डोळ्यांपुढं चित्र आणा. डोकं झाकून घेतलेली सिस्टर डोकं झाकून आलेल्या मुलीला सांगते की, हे शाळेत चालत नाही. सिस्टरचा वेष हा तिनं मोठेपणी, समजून-उमजून घेतलेल्या व्रताचा भाग आहे आणि मुलगी अजून लहान आहे, हा फरक आहेच. तरीही आपली श्रद्धा अंगावर वागवणं म्हणजे काय, हे त्या शाळेत सिस्टरइतकं कुणाला कळणार? अशा माणसांकडून जरा जास्त समजुतीची अपेक्षा ठेवली तर ते चुकीचं नाही.

मेंदी, टिकली, राखी यांचंही असंच. "मेंदी काढली म्हणून वर्गाबाहेर उभं केलं" ही तक्रार आपल्याकडं श्रावणात हमखास ऐकू येते. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय बालहक्क आयोगाला सगळ्या राज्यांना पत्र लिहून सांगावं लागलं की, सणाला राखी, टिळा, मेंदी यावरून मुलांना शिक्षा करू नका. नागपंचमीच्या मेंदीनं भूगोलाचा पेपर बिघडतो असं काही कुणी सिद्ध केलेलं नाही! शिस्त आणि श्रद्धा यांच्यातली रेघ शाळांनी जरा नीट बघून ओढावी.

आणि आपल्या शाळांचं काय?

इथं एक प्रश्न आपण स्वतःलाही विचारायला हवा. जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या किंवा गावच्या संस्थेच्या शाळेत सरस्वतीपूजन होतं, आरती होते. तिथं चाळीस मुलांत एखादं मुसलमान, ख्रिस्ती किंवा बौद्ध मूल असतं. त्याच्या आईला कधी कुणी विचारलंय का, "बाई, तुमची हरकत नाही ना?" आपल्या मुलाला कॉन्व्हेंटमध्ये प्रार्थना म्हणावी लागली तर आपल्याला कसंतरी होतं. त्या आईला काय होत असेल?

हा प्रश्न मी उगाच उकरून काढत नाही. केंद्रीय विद्यालयांतल्या सकाळच्या संस्कृत-हिंदी प्रार्थनेवर हरकत घेणारी याचिका सर्वोच्च न्यायालयात आली आणि जानेवारी २०१९ मध्ये ती घटनापीठाकडं सोपवण्यात आली. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत तर घटनेचा नियम आणखी कडक आहे. पूर्णपणे सरकारी पैशातून चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण द्यायचंच नाही, असं कलम २८ चा पहिला भाग सांगतो. जो न्याय आपण कॉन्व्हेंटकडं मागतो तोच आपल्या गावच्या शाळेत द्यायची तयारी हवी. नाहीतर आपलं बोलणं हक्काचं राहत नाही, नुसतं संख्येच्या जोराचं होतं.

अर्जावर सही करण्याआधी

तर मग आईनं करायचं काय? माझं म्हणणं साधं आहे. संमती आपली आहे ना, मग ती डोळे उघडे ठेवून द्या, किंवा नाकारा. प्रवेशअर्जाच्या शेवटी बारीक अक्षरात "शाळेचे सर्व नियम मान्य आहेत" असं छापलेलं असतं आणि त्याखाली आपण न वाचता सही ठोकतो. प्रवेश मिळाल्याचाच आनंद इतका असतो की विचारायचं सुचत नाही. विचारलं तर प्रवेश नाकारतील, ही भीतीही असते. पण पुढं घरात कुणी "तुलाच हौस होती कॉन्व्हेंटची" असं म्हणायला लागलं की ऐकून घ्यावं लागतं आईलाच. त्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

काय विचारायचं? सकाळी कोणती प्रार्थना होते आणि ज्या मुलाला म्हणायची नाही ते शांत उभं राहिलं तर चालेल का? मॉरल सायन्सचं पुस्तक कोणतं, बघायला मिळेल का? मुलांना चॅपलमध्ये किंवा मिस्सेला नेता का, नेत असाल तर आम्हाला आधी कळवाल का? रिट्रीटला किंवा शिबिराला लेखी परवानगी घेता का? टिकली, मेंदी, राखी, हिजाब, पगडी यांविषयी नियम काय? आणि आमच्या मुलांनी नाताळ साजरा करावा तशी दिवाळी, ईद, बुद्धपौर्णिमाही शाळेत होते का? चांगली शाळा असेल तर या प्रश्नांनी रागावणार नाही. उलट तिलाही बरं वाटेल की, कुणीतरी दारावर निवेदन घेऊन येण्याऐवजी समोर खुर्चीत बसून विचारतंय.

एकटीला धीर होत नसेल तर पालक-शिक्षक संघ आहे. महाराष्ट्रात २०११ च्या शुल्क नियमन कायद्यानं खासगी शाळांना तो बंधनकारक केलाय. फीवर भांडायला आपण तिथं जातो, तर याही विषयावर बोलायला जायला हरकत काय? चार आयांनी मिळून विचारलं तर शाळेला उत्तर द्यावंच लागतं. आणि त्या चार जणींत एखादी कॅथलिक आई असू द्या. तिच्या मुलाला या शाळेत काय हवंय, हे तिच्याच तोंडून ऐका. तिलाही तिच्या मुलाची मिस्सा शांतपणे व्हावी एवढंच हवं असतं.

शाळेनंही एक करावं. वर्षाच्या सुरुवातीला पालकांना एक साधं पत्र द्यावं, मराठीत. आमच्याकडं अमुक प्रार्थना होते, अमुक दिवशी मिस्सा असते, ती कॅथलिक मुलांसाठी आहे, तुमच्या मुलानं यावं असं तुम्हाला वाटत असेल तर इथं सही करा, नसेल तर त्या वेळात त्याला ग्रंथालयात बसता येईल. एका कागदाचा खर्च आहे. त्या कागदावर सही असेल तर बाहेरच्या कुणाला मध्ये पडायला जागाच उरत नाही. आणि सही नसेल तर शाळेलाही कळतं की कुठं थांबायचं.

मुलाचंही ऐकायचं बरं का. शाळेतून आल्यावर ते क्रूसाची खूण करून दाखवत असेल तर दचकून पाठीत धपाटा घालू नका आणि कौतुकानं चारचौघांत करूनही दाखवायला लावू नका. "याचा अर्थ काय सांगितला तुला?" एवढं विचारा. आठवी-नववीतलं मूल असेल तर त्याला स्वतःचं मत असतं, तेही विचारा. सहावीतल्या मुलीला नुसती गव्हाणीतल्या बाळाची गोष्ट आवडलेली असते, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण "मी प्रार्थना म्हटली नाही म्हणून टीचर रागावल्या" असं ती सांगत असेल, तर दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन सिस्टरना भेटा. स्वतः जा. गल्लीतल्या कुठल्या दादाला पाठवू नका. तो जाईल, आरडाओरडा करेल, फोटो काढेल आणि निघून येईल. त्या शाळेत उद्याही जायचंय ते आपल्या लेकीला.